जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हचा ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स : एक्सजे चेरोकीच्या निमित्ताने

लोखंडी_वाट

नमस्कार मंडळी,

गाडी १९९५ ची जीप चेरोकी, म्हणजे एक्सजे. ४.० लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन, एडब्ल्यू४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक आणि एनपी२३१ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी; 'लो' मध्ये टाकली की वेग कमी आणि जोर जास्त). त्या ऑटोमॅटिकच्या जागी आता एएक्स१५ हा पाच गिअरचा मॅन्युअल आहे. काम मी आणि एका मित्राने मिळून केले.

असल्या कामाची चर्चा 'गिअरबॉक्स कुठून आणायचा' इथे सुरू होते आणि तिथेच संपते. माझे मत अगदी उलट आहे. गिअरबॉक्स हा यातला सर्वांत सोपा भाग. घोडं पेंड खातं ते आजूबाजूच्या बारीकसारीक वस्तूंवर : पेडल, फ्लायव्हील (इंजिनाच्या मागची जड चकती, तिच्यावर क्लच बसतो), पायलट बेअरिंग, सेन्सर, वायरी, मागचा माउंट. त्या सगळ्यांची जमवाजमव झाल्याशिवाय जुना गिअरबॉक्स खाली उतरवू नये, हे सांगण्यासाठीच हा धागा.

आधी कारण सांगतो. एडब्ल्यू४ बिघडला म्हणून मी तो काढलेला नाही. तो ऐसिन या जपानी कंपनीचा आहे, वेळेवर तेल बदलत राहिलात तर फार टिकतो. माझी अडचण उताराची होती. एडब्ल्यू४ चा दांडा १-२ वर ठेवला, ट्रान्सफर केस लो मध्ये टाकली, तरी वेग थोडा वाढला की गिअरबॉक्स आपणहून दुसऱ्यात जातो. पहिल्याचे गुणोत्तर (बाहेरचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरते ते) २.८० आहे आणि दुसऱ्याचे १.५३. लो चे २.७२ आणि अॅक्सलचे ३.५५ धरले तर पहिल्यात एकूण गुणोत्तर साधारण २७ होते आणि दुसऱ्यात १५ च्याही खाली. ओल्या मातीच्या तीव्र उतारावर नेमक्या नको त्या क्षणी इंजिनाची पकड जवळजवळ अर्धी होते आणि पाय ब्रेकवर जातो. ब्रेक लागला की चाक घसरायला लागते. ज्याने हे अनुभवले आहे त्याला जास्त सांगायला नको.

एएक्स१५ चा पहिला ३.८३ चा आहे. ३.८३ × २.७२ × ३.५५ म्हणजे ३७ च्या जवळ. २२५/७५ आर१५ टायरवर इंजिन १००० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास चालते. एडब्ल्यू४ च्या पहिल्यात हाच वेग ५ होतो, तोही टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) अजिबात घसरत नाही असे मानून. आणि मॅन्युअल तुम्ही टाकलेला गिअर सोडत नाही. माझ्यासाठी सगळ्या खटाटोपाचे कारण एवढेच.

आता डोनर गाडीबद्दल, म्हणजे जिचे सामान काढून वापरायचे ती गाडी. शक्य असेल तर नुसता गिअरबॉक्स घेऊ नका, त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची आणि शक्यतो त्याच वर्षाच्या आसपासची मॅन्युअल गाडी अख्खी घ्या. निदान ती समोर उभी असताना स्वतः सामान काढून आणा. अख्ख्या गाडीत बोल्टची लांबी, वायरीचे रंग, मास्टर सिलिंडरच्या पाइपाचे वळण, सगळे जागेवर दिसते. सुट्या सामानात नेमकी बेल हाउसिंगखालची पत्र्याची झाकणी (बेल हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढचे, क्लच झाकणारे घर) नसते, किंवा क्लच पेडलची पिन नसते, आणि तेवढ्यासाठी काम अडून राहते.

एक्सजे वाल्यांसाठी वर्षांचा हिशोब : ४.० इंजिनासोबत १९८७ ते १९८९ च्या मध्यापर्यंत प्यूजोचा बीए१०/५ यायचा. टिकाऊपणात त्याचे नाव चांगले नाही, तो टाळा. पुढे १९९९ पर्यंत एएक्स१५, आणि २०००-२००१ ला एनव्ही३५५०. एएक्स१५ मध्येही १९९४ पासूनचा बघा. त्याआधी क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून घेऊन क्लच सोडवणारा) बेल हाउसिंगच्या आत, रिलीज बेअरिंगसोबतच असायचा. तो गळला की अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. १९९४ पासून तो बाहेर आला, दोन नट काढले की हातात येतो.

प्रश्न विचारा. जे नीट ठाऊक आहे ते सगळे सांगेन.

---

दगडधोंडे

धागा आवडला, पण मूळ मुद्द्यावर असहमती नोंदवतो.

तुमचा ३७ विरुद्ध २७ हा हिशोब अर्धाच आहे. गाडी जागेवरून हलताना टॉर्क कन्व्हर्टर स्वतः टॉर्क वाढवतो, साधारण दुपटीपर्यंत. म्हणजे चढावर, मोठ्या दगडापुढे चाक थांबलेले असताना तुमच्या एडब्ल्यू४ चे २७ हे प्रत्यक्षात ५० च्या वर काम करत होते. मॅन्युअलचे ३७ हे ३७ च राहतात, वर क्लच जळतो. दगडांतून इंचाइंचाने जाणाऱ्याला ऑटोमॅटिकइतका सोबती नाही. एक पाय ब्रेकवर, एक पाय अॅक्सिलरेटरवर, गाडी कधी बंद पडत नाही.

राहिला उतार. त्यावर गिअरबॉक्स न बदलता उपाय आहे. एडब्ल्यू४ च्या कंट्रोल युनिटचा फ्यूज काढा. मग दांडा १-२ वर असेल तर पहिला, ३ वर तिसरा, डी वर चौथा, असे थेट मिळतात आणि तो आपणहून वर जात नाही. दुसरा मात्र मिळत नाही. तो हवा असेल तर गिअर बदलणारे जे दोन सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) आहेत त्यांना डॅशबोर्डवरच्या स्विचवरून वीज देतात. पुष्कळ लोकांनी हे केले आहे, काम एका दुपारचे आहे.

आणखी खालचा वेग हवा तर ट्रान्सफर केसचे बघा. रँग्लर रुबिकॉनला २००३ पासून ४:१ लो ची ट्रान्सफर केस येते. २.८० × ४ × ३.५५ म्हणजे जवळपास ४०. तुमच्या ३७ पेक्षा जास्त, वर टॉर्क कन्व्हर्टरचा फायदा शाबूत.

---

लोखंडी_वाट

@दगडधोंडे, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि ज्यांना मुख्यतः दगडांतून जायचे आहे त्यांनी हा प्रतिसाद वाचूनच निर्णय घ्यावा. चढावर जागेवरून उठण्यात ऑटोमॅटिक वरचढ आहे, यात वाद नाही.

फ्यूज काढून मी गाडी चालवून पाहिली होती. पहिला धरून राहतो, फरक मोठा पडतो. ज्यांना गिअरबॉक्स बदलायचा विचार आहे त्या प्रत्येकाने आधी हे करून बघावे, कदाचित तेवढ्यावरच समाधान होईल. माझे झाले नाही, कारण कन्व्हर्टरमधला तेलाचा दुवा उलट दिशेनेही घसरतो. इंजिन मंद फिरत असताना चाकांकडून येणारा जोर तो पूर्ण पोहोचवत नाही. पायाखाली उतार बदलला की गाडी आधी थोडी सुटते आणि मग धरते. मॅन्युअलमध्ये हे मधले सुटणे नाही. माझे रस्ते म्हणजे लांबलचक मातीचे उतार. तुमचे दगड असतील तर तुमचे उत्तर वेगळे येणार, आणि ते बरोबरच असेल.

---

नवी_सारथी

फार छान माहिती. मी या विषयात नवीन आहे, म्हणून बाळबोध प्रश्न विचारते.

१. पायलट बेअरिंग म्हणजे नेमके काय? ऑटोमॅटिकला ते लागत नाही का?
२. २.५ लिटर चार सिलिंडरच्या चेरोकीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स सहज मिळतोय. तो चालेल का?

---

वंगण

@नवी_सारथी, प्रश्न बाळबोध अजिबात नाहीत. पहिल्यावर तर कित्येकांचे काम फसते.

मॅन्युअल गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पुढे जातो आणि त्याचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकात टेकते. त्या टोकाला आधार देणारे छोटे बेअरिंग किंवा पितळी बुश म्हणजे पायलट. क्लच दाबलेला असताना इंजिन फिरते आणि शाफ्ट थांबलेला असतो, तेव्हा दोघांमधला फरक हे बेअरिंग झेलते. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर थेट फ्लेक्सप्लेटला (फ्लायव्हीलच्या जागी असलेली पातळ चकती) बोल्टने बांधलेला असतो, त्यामुळे त्याला याची गरज नाही आणि कारखान्यात ते बसवतच नाहीत. काही इंजिनांत तर ऑटोमॅटिकसाठीच्या क्रँकमध्ये ते भोक पूर्ण मापाचे खोदलेलेही नसते. म्हणून पहिले काम, भोक मोजा. दुसरे, ते भोक गंज आणि मळ काढून स्वच्छ करा, कारण इतकी वर्षे तिथे कुणी डोकावलेले नसते. बेअरिंग घालायचे राहून गेले तर शाफ्ट हेलकावत फिरतो, गिअर पडताना खरखर होते आणि शेवटी गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग जाते.

दुसऱ्याचे उत्तर, नाही. २.५ वर येणारा एएक्स५ हा लहान इंजिनासाठी बनवलेला आहे. ४.० चा टॉर्क तो फार काळ सोसणार नाही, आणि बेल हाउसिंगही वेगळे. सहज मिळतो आणि स्वस्तात मिळतो, यामागचे कारण तेच.

आणखी एक. एएक्स१५ हा डॉज डकोटामध्येही यायचा. पोट तेच असले तरी तिथले बेल हाउसिंग ४.० जीपला बसणारे नव्हे. घेताना नुसत्या नावावर जाऊ नका, तो कोणत्या गाडीतून निघाला आहे ते विचारा.

---

पाना_बारा

विजेच्या बाजूचे कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. यांत्रिक काम उत्तम झालेल्या गाड्या नुसत्या वायरींपायी महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाजूला न्यूट्रल सेफ्टी स्विच असतो. स्टार्टर रिलेची वाट या स्विचमधून जाते, म्हणजे पार्क किंवा न्यूट्रल असल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. गिअरबॉक्स गेला की स्विच गेला, आणि किल्ली फिरवल्यावर शुकशुकाट. बहुतेक जण त्या दोन वायरी एकमेकींना जोडून मोकळे होतात. गाडी चालू होते, पण आता ती गिअरमध्ये असतानाही चालू होते. घरातल्या दुसऱ्या कुणी सवयीने बाहेरून हात घालून किल्ली फिरवली तर गाडी उडी मारेल, आणि पुढे कुणी उभे असेल तर काय होईल ते सांगायला नको. त्या दोन वायरी क्लच पेडलवरच्या स्विचमधून न्या. डोनर गाडीच्या पेडलवर तो असेल तर वायरीच्या टोकांसकट कापून आणा.

मागच्या पांढऱ्या दिव्यांची वाटही त्याच जुन्या स्विचमधून जात होती. एएक्स१५ ला रिव्हर्सचा स्वतःचा स्विच असतो, त्यावर न्या. क्रूझ कंट्रोल असेल तर क्लच दाबल्यावर ते सुटले पाहिजे, नाहीतर क्लच दाबताक्षणी इंजिन मोकळे किंचाळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ४.० चा क्रँक पोझिशन सेन्सर बेल हाउसिंगवर बसतो आणि फ्लायव्हीलवरच्या खाचा वाचतो. इंजिनाला ठिणगी आणि पेट्रोल कधी द्यायचे ते यावर ठरते. १९९० पर्यंतच्या रेनिक्स या इंजिन-नियंत्रण प्रणालीच्या फ्लायव्हीलच्या खाचा वेगळ्या आणि १९९१ पासूनच्या वेगळ्या. चुकीचे फ्लायव्हील बोल्टने छान बसेल, क्लचही काम करेल, फक्त इंजिन सुरू होणार नाही. मग लोक पंप बदलतात, कॉइल बदलतात. फ्लायव्हील इंजिनाच्या वर्षाला जुळणारेच घ्या.

एक्सजे मध्ये ऑटोमॅटिकचा कंट्रोल युनिट इंजिनाच्या ईसीयूपासून (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकापासून) वेगळा आहे, हे मोठे भाग्य. तो काढला म्हणून इंजिन रुसत नाही. तरी गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये, ही माहिती ईसीयूकडे एका वायरीने जाते आणि तो आयडल त्याप्रमाणे सांभाळतो. म्हणून डोनर गाडीचा ईसीयू मिळत असेल तर तोही घ्या. अलीकडच्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस सगळे एकाच जाळ्यावर बोलतात, एक गप्प झाला की बाकीचे दिवे लावतात. हे काम जुन्या गाडीतच करावे असे म्हणतात ते यासाठी.

---

चढणवेडी

माझी जीप नाही, लँड रोव्हर डिस्कव्हरी आहे, पहिल्या पिढीची, ३०० टीडीआय. झेडएफ ४एचपी२२ ऑटोमॅटिक काढून आर३८० बसवला. वरचे सगळे वाचताना मान हलवत होते. नावे बदलतात, अडचणी त्याच.

आमच्याकडे एलटी२३० ट्रान्सफर केस असल्यामुळे लो चे गुणोत्तर मुळातच ३.३२ आहे. ४एचपी२२ चा पहिला २.४८, आर३८० चा ३.६९, अॅक्सल ३.५४. म्हणजे २९ वरून ४३ वर उडी. उतारावर अक्षरशः पाय बाजूला ठेवून बसता येते.

काही गोष्टी डिस्कव्हरीवाल्यांसाठी. पायलट बेअरिंगऐवजी आमच्याकडे स्पिगॉट बुश असते, ते घालायला विसरू नका. तेलाच्या बाबतीत 'गिअरबॉक्स आहे म्हणजे गिअर ऑइल' असे धरून चालू नका. आर३८० ला एमटीएफ ९४ हे पातळ तेल लागते, जाड तेल घातले तर थंडीत दुसरा गिअर पडता पडत नाही. पाण्यातून जाणार असाल तर बेल हाउसिंगच्या तळाला जे भोक आहे त्यात वेडिंग प्लग (पाणी आत येऊ न देणारे बूच) लावा आणि नंतर आठवणीने काढा, म्हणजे आत तेल गळत असेल तर ते दिसेल. आणि पाण्यात असताना क्लच दाबू नका, प्लेटमध्ये पाणी शिरले की पकड जाते. ही सवय ऑटोमॅटिकवाल्यांना नसते, ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

दुसऱ्या पिढीच्या टीडी५ वाल्यांनो, तुमच्या मॅन्युअलला ड्युअल मास फ्लायव्हील असते. डिझेलचे धक्के शोषायला दोन चकत्यांमध्ये स्प्रिंग असतात. जुने घेताना त्याचा ढिलेपणा तपासा.

---

दगडधोंडे

@चढणवेडी, ४३ हा आकडा चांगलाच आहे. माघार घेत नाही, पण डिस्कव्हरीच्या बाबतीत तुमची बाजू जीपपेक्षा भक्कम दिसते.

एक प्रश्न सगळ्यांना. पार्क गेले, त्याचे काय? ऑटोमॅटिकमध्ये पार्कला टाकले की आत लोखंडी खुंटी दातांत अडकते. मॅन्युअलमध्ये ती नाही. उतारावर गाडी उभी करून विंच (गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र) ओढायला खाली उतरलात तर?

---

लोखंडी_वाट

फार योग्य प्रश्न. हा मुद्दा मी पहिल्याच पोस्टमध्ये घ्यायला हवा होता, इतका मोठा आहे.

ऑटोमॅटिकवाला हँडब्रेक क्वचितच वापरतो, त्यामुळे त्या गाडीची केबल अनेकदा गंजून चिकटलेली असते. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी मी मागचे ड्रम उघडले, शू, केबल, अॅडजस्टर सगळे नीट केले आणि चढावर, उतारावर, दोन्हीकडे तोंड करून गाडी नुसत्या हँडब्रेकवर धरते का ते पाहिले. उभी करताना गिअरमध्ये ठेवायची, ट्रान्सफर केस लो मध्ये असेल तर पकड आणखी चांगली. एक लक्षात ठेवा, ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली की गिअरमध्ये ठेवलेल्याचा काही उपयोग नाही, चाके मोकळी होतात. विंच ओढताना दगडाचे किंवा लाकडाचे ओटण चाकाखाली हवेच. ते ऑटोमॅटिकमध्येही हवेच होते.

@पाना_बारा, तुमच्या प्रतिसादातली प्रत्येक ओळ छापून गॅरेजमध्ये लावावी अशी आहे. क्लच स्विचबद्दल एक भर घालतो. चढावर इंजिन बंद पडले तर कधी कधी क्लच न दाबता, पहिला आणि लो टाकून नुसत्या स्टार्टरने गाडी हलवून इंजिन चालू करणे सुरक्षित पडते, कारण गाडी क्षणभरही मोकळी सुटत नाही. टोयोटाच्या काही गाड्यांत यासाठी क्लच स्टार्ट कॅन्सल नावाचे बटण कारखान्यातूनच येते. मी तसे बटण वेगळे लावले आहे, झाकण असलेले, चुकून दाबले जाणार नाही असे.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण व्यनितून (व्यक्तिगत निरोपांतून) बरेच विचारले जातेय.

ट्रान्सफर केस आधी वेगळी उतरवा. दोन्ही एकत्र उतरवायच्या भानगडीत पडू नका, वजन मागे झुकते आणि जॅकवरून घसरते. गाडी पक्क्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर असताना खाली जायचे नाही. ४.० च्या बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट ई-१२ मापाचे, उलट्या टॉर्क्स डोक्याचे असतात. साधा पाना लावून डोकी गोल केली तर पुढचे सगळे काम तिथेच थांबेल. योग्य सॉकेट, लांबच लांब एक्स्टेन्शन, आणि क्रॉस मेंबर उतरवून गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकवली की मागून वरपर्यंत हात पोहोचतो.

कन्व्हर्टरचे बोल्ट फ्लेक्सप्लेटपासून सोडवून कन्व्हर्टर गिअरबॉक्ससोबतच बाहेर काढा, नाहीतर तेलाने न्हाऊन निघाल. थ्रॉटलपासून एडब्ल्यू४ ला जाणारी केबल काढून टाका. रेडिएटरमधून जाणाऱ्या तेलाच्या नळ्या काढून तिथली तोंडे बुचाने बंद करा.

फ्लायव्हील जाड असते, फ्लेक्सप्लेट पातळ पत्र्याची. साहजिकच बोल्टची लांबी वेगळी. जुने बोल्ट वापरू नका, फ्लायव्हीलचे नवे घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग मशीनवर घासून घ्या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट, सगळे नवे. ४.० चे मागचे मेन सील दोन तुकड्यांचे असते आणि ते सम्प उतरवून खालून बदलता येते, त्यामुळे त्यासाठी आत्ताच अडून बसायची गरज नाही. पण ज्यांच्या इंजिनात एकसंध सील आहे त्यांनी ते याच वेळी बदलावे.

आणि गिअरबॉक्स वर चढवताना : प्लेट मध्यावर आणायचे अवजार वापरून ती नेमकी बसवा. मग गिअरबॉक्स इंजिनाच्या रेषेत आणून हाताने पुढे सरकवा. आउटपुट शाफ्ट थोडा फिरवला की स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दात) जुळतात आणि तो आत सरकतो. शेवटचा बोटभर राहिला आणि अडला, तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. काहीतरी रेषेत नाही म्हणूनच तो अडलेला असतो. ओढलात तर प्लेट वाकते, पायलट चेपते किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. मागे घ्या, पुन्हा बघा. आणि कुठल्याही क्षणी गिअरबॉक्सचे वजन नुसत्या प्लेटवर लटकू देऊ नका.

एएक्स१५ ला ७५डब्ल्यू-९० जीएल-३ तेल, साधारण ३ लिटर. जीएल-५ मधली गंधकाची रसायने आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात.

---

नवी_सारथी

@लोखंडी_वाट, स्पीडोमीटर चुकीचा दाखवत नाही का? आणि हायवेवर इंजिन जास्त फिरते का?

---

लोखंडी_वाट

स्पीडोमीटरचा गिअर ट्रान्सफर केसवर असतो, गिअरबॉक्सवर नाही. मी स्वतःची ट्रान्सफर केस आणि स्वतःचे अॅक्सल तसेच ठेवले, त्यामुळे काही बदलले नाही. डोनर गाडीची ट्रान्सफर केस लावली असती तर फरक पडला असता, कारण ४.० मॅन्युअल गाड्यांना कारखान्यातून ३.०७ चे अॅक्सल यायचे आणि ऑटोमॅटिकला ३.५५ चे. त्यांचे स्पीडोमीटरचे गिअरही तसेच वेगळे.

फेऱ्यांचे म्हणाल तर एएक्स१५ चा पाचवा ०.७९ चा आणि एडब्ल्यू४ चा चौथा ०.७५ चा. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला पूर्वी लॉक-अप लागल्यावर (कन्व्हर्टर घसरणे थांबून थेट जोडला गेल्यावर) इंजिन सुमारे २००० वर असायचे, आता सुमारे २१०० वर. जाणवतही नाही. ३.०७ चे अॅक्सल लावले तर हाच आकडा १८०० पर्यंत खाली येतो, पण लो मधले ३७ चे ३२ होतात. मला ३७ हवे होते.

एक लक्षात घ्या, पुढचे आणि मागचे क्राउन-पिनियन (अॅक्सलमधले गिअर) एकाच गुणोत्तराचे असलेच पाहिजेत. डोनरचा नुसता मागचा अॅक्सल आणून लावला आणि फोर-व्हील घातले, तर ट्रान्सफर केस मोडेल.

---

वंगण

गिअरबॉक्स मरायला टेकलाय म्हणून हा धागा वाचणाऱ्यांना सांगावेसे वाटते. ऑटोमॅटिक दुरुस्त करणे हे जवळपास नेहमीच कमी खटपटीचे काम असते. त्यात पेडल बदलत नाही, फ्लोअर कापावा लागत नाही, वायरी तोडाव्या लागत नाहीत, नोंदणीची आणि विम्याची कागदपत्रे बघावी लागत नाहीत. मॅन्युअल हवाच आहे, त्याने चालवायची रीत हवी आहे, तरच हे करा. नुसता 'तो महाग पडतोय म्हणून हा' असा विचार केला तर निम्म्यात कंटाळा येतो आणि गाडी पोटात गिअरबॉक्स नसलेली उभी राहते. अशी गाडी कुणी घेतही नाही.

---

पाना_बारा

वंगण यांच्याशी शंभर टक्के सहमत. फ्लोअर कापण्याचा विषय निघालाच आहे तर, गिअर लिव्हरचे भोक आधी कापू नका. गिअरबॉक्स जागेवर बसवा, माउंट आवळा, लिव्हर सगळ्या गिअरमध्ये फिरवून बघा, मग खूण करा. आणि रबरी बूट दोन असतात, आतला आणि वरचा. आतला नसेल तर खालची उष्णता, धूळ आणि आवाज थेट आत येतात.

---

चढणवेडी

आणि पेडल. ब्रेकचे पेडल ऑटोमॅटिकमध्ये रुंद असते. ते तसेच ठेवून शेजारी क्लच लावला तर बूट घातलेला पाय दोन्हींवर पडतो. अख्खी पेडलची चौकट डोनरची घ्या. तिथे डॅशबोर्डखाली उताणे पडून काम करावे लागते, पण तडजोड करू नका. पायाखालचीच गोष्ट आहे.

---

नवी_सारथी

शेवटचा प्रश्न. माझ्याकडे १९९८ ची एक्सजे आहे, एडब्ल्यू४ आणि एनपी२३१. १९९३ चा एएक्स१५ मिळतोय, अवस्था चांगली आहे. माझी ट्रान्सफर केस त्याला थेट लागेल ना? दोन्हीकडे २३ स्प्लाइन आहेत असे वाचले.

---

लोखंडी_वाट

स्प्लाइनची संख्या जुळते, पण तेवढ्यावर जाऊ नका. ट्रान्सफर केसच्या इनपुट गिअरची लांबी सगळीकडे सारखी नसते. लांब असेल तर दोन्ही घरांचे तोंड मिळायच्या आधीच तो गिअरबॉक्सच्या आत टेकतो. आखूड असेल तर स्प्लाइन अर्धवट पकडतात आणि जोर पडला की सोलले जातात.

असे मोजा. ट्रान्सफर केस उतरवलीत की तिच्या पुढच्या सपाट तोंडावर पट्टी ठेवा आणि इनपुट गिअरचे टोक त्या पातळीपासून किती पुढे किंवा मागे आहे ते व्हर्नियरने घ्या. मग एएक्स१५ च्या मागच्या तोंडावर पट्टी ठेवून आउटपुट शाफ्ट किती बाहेर आहे आणि त्यावर स्प्लाइन कुठून कुठपर्यंत आहेत ते घ्या. ही मापे जुळवून पाहिली की शाफ्ट किती आत जाईल आणि कुठे टेकेल का, ते कळते. जुळले नाही तर इनपुट गिअर बदलता येतो, त्यासाठी ट्रान्सफर केस उघडावी लागते.

१९९३ चा आहे म्हणजे त्याचा स्लेव्ह आत असणार. बाहेरच्या स्लेव्हचे, १९९४ नंतरचे बेल हाउसिंग आणि त्यासोबतचा पुढच्या बेअरिंगचा रिटेनर मिळाला तर तो त्यावर बसतो. आधी ते मिळतात का बघा, मग गिअरबॉक्सला हो म्हणा.

---

नवी_सारथी

समजले. विकणाऱ्याला बेल हाउसिंगचा फोटो आणि मागच्या शाफ्टचे माप मागितले आहे. आले की इथेच टाकते. तोपर्यंत फ्यूज काढून उतार करून बघते.

---

दगडधोंडे

फ्यूज काढण्याआधी गाडी पूर्ण थांबवा, आणि दांडा १-२ वर टाकताना वेग अगदी कमी ठेवा. तो विचारणार नाही, थेट पहिला टाकेल.